रस्त्यापलीकडची लोजा

२ डिसेंबर, सोमवार

लोजाची चूल फोडली आज. घर तापवायची ती मोठी, हिरव्या फरशांची. दोन माणसं आली, हातोडे घातले, तासाभरात सगळं अंगणात. इरेकनं, म्हणजे तिच्या मुलानं, नॉर्वेहून पैसे पाठवून नवं यंत्र बसवलंय. कोळसा नको, राख नको, धूर तर नाहीच. लोजा कोट घालून खुर्चीत बसून बघत होती. मी म्हटलं, रडू नकोस. तर म्हणते, रडते कुठे, धूळ गेली डोळ्यात. धूळ म्हणे!

मला स्वतःला मनातून बरं वाटलं नाही. पण मला विचारतो कोण?

५ डिसेंबर, गुरुवार

आज गावभर हसं झालं माझं. गाव म्हणजे तरी काय — सात घरं, नऊ माणसं.

सकाळी उठले, सवयीनं आधी खिडकीतून पलीकडे बघितलं. इथे सगळे तेच करतात. लग्न होऊन आले तेव्हा सासूनं पहिली गोष्ट हीच शिकवली — आधी शेजारचं धुराडं बघायचं, मग आपला चहा. धूर असला की माणूस आहे. दोन दिवस धुक्यात पलीकडचं काही दिसलंच नव्हतं; आज लख्ख, आणि धूर नाही! गाउनवर बूट चढवले, रस्ता ओलांडला, दार बडवलं. आत बाईसाहेब लोणच्याची काकडी खात बसलेल्या. यंत्राला धूर नसतो हे डोक्यातून पार गेलं होतं.

खूप हसलो. शेवटी ठरलं — तिनं सात वाजता स्वयंपाकघराचा पडदा उघडायचा. उघडा पडदा म्हणजे सगळं ठीक.

८ डिसेंबर, रविवार

इरेकचा फोन. दर रविवारी जेवणानंतर येतो. आधी आईला करतो, मग मला. "मावशी, आई कशी आहे खरंच?"

शुक्रवारी ती न्हाणीघरात पडली. मीच उठवलं, अर्धा तास लागला. ती त्र्याऐंशीची, मी शहात्तरची, उचलणारी कोण आणि उचलायचं कोणाला! कंबर काळीनिळी झालीय. तिथे जमिनीवर बसल्या बसल्या तिनं माझ्याकडून वचन घेतलं की इरेकला कळता कामा नये. कळलं की तो तिला शहरातल्या म्हाताऱ्यांच्या घरात नेऊन ठेवणार.

म्हटलं, ठणठणीत आहे रे तुझी आई. जीभ जरासुद्धा अडखळली नाही.

११ डिसेंबर, बुधवार

पंचायतीची मुलगी येऊन लोजाला मनगटात घालायचा पट्टा देऊन गेली. लाल बटण आहे. पडलं की दाबायचं, शहरात कुठेतरी घंटा वाजते, माणसं येतात. चांगली गोष्ट आहे.

१३ डिसेंबर, शुक्रवार

पट्टा कुठे आहे? मनगटावर नाही. कपाटात! दवाखान्याच्या पिशवीत!

ती पिशवी आमच्या सगळ्यांकडेच असते — नवा गाउन, नव्या सपाता, नवा टॉवेल, कधीही न वापरलेला. नर्सेससमोर लाज जायला नको म्हणून. लोजानं पट्टा त्यातच ठेवलाय, गाउनच्या घडीत. म्हणते, नवा कोरा आहे, बटाटे सोलताना मळेल.

मी ओरडले. पण आता लिहिते तर हसूही येतं. माझ्या पिशवीतला गाउन बावीस वर्षांचा आहे. माझा नवरा स्ताख वारला त्या वर्षी घेतला, अजून नवाच.

१४ डिसेंबर

बर्फ. पावाची गाडी आली नाही.

१७ डिसेंबर, मंगळवार

झेनेकच्या मोटारीतून शहरात गेले, डॉक्टरकडे. (झेनेक सदुसष्टचा. गावात आम्ही त्याला पोरगा म्हणतो.) माझ्या गुडघ्याच्या ऑपरेशनची तारीख मिळाली — साडेतीन वर्षांनी, मे महिन्यात. काउंटरवरच्या बाईला म्हटलं, पेन्सिलनं लिही हो. तिला हसू आलं नाही.

घरी आले तर लोजा फाटकाशी उभी, त्या थंडीत. म्हणे, उशीर झाला तुला, काळजी वाटली. काठीशिवाय उभी! मीच तिला रागावले.

२४ डिसेंबर, मंगळवार

नाताळची आदली संध्याकाळ. लोजाकडे जेवलो. पदार्थ बारा लागतात, आम्ही चार केले — बीटाचं सूप, हेरिंग मासा, कोबीच्या करंज्या, खसखशीचा केक. बाकीचे आठ आठवणीतले, असं ती म्हणाली. टेबलावर तीन ताटं. तिसरं अवचित पाहुण्याचं, रिकामं. आम्ही दोघी आणि तो न येणारा. पूर्वी ह्याच टेबलाशी सतरा माणसं बसायची आणि पोरं खाटेवर.

चर्चमधून आणलेली पातळ पवित्र पोळी मोडून एकमेकींना दिली. काय मागायचं एकमेकींसाठी? ती म्हणाली, "गेने, तुला एकटीला राहायला लागू नये, एवढंच." मी म्हटलं, तू आहेस की. मग तिनं सूप वाढलं.

घरी येऊन रडले. स्ताखसाठी असेल. मला पोटचं कोणी नाही. सणाच्या दिवशी ते टोचतं.

९ जानेवारी, गुरुवार

फादर आले, घरांना आशीर्वाद द्यायला. अख्खं गाव चाळीस मिनिटांत आटपलं. मी पोस्टात होते तेव्हा इथे साठ घरांत टपाल टाकायची, आणि तेव्हाच्या फादरना तीन दिवस लागायचे.

लोजाच्या कपाळावर टेंगूळ. परवा पुन्हा पडली. फादरना सांगितलं, कपाटाचं दार लागलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी मान डोलावली. हातात त्यांचा क्रूस होता आणि मी मान डोलावली.

१२ जानेवारी, रविवार

इरेक. "ठीक आहे रे सगळं."

खरं काय ते इथे तरी लिहावं. वचन दिलं म्हणून मी खोटं बोलत नाही. ती गेली तर समोरचं घर बंद होईल. मग मी सकाळी उठून बघू कुणाकडे? माझ्यासाठी बोलते मी खोटं. तिची कंबर मोडली तरी चालेल, पण ती इथेच मोडावी — असं झालंय माझं. देवा, कसली मैत्रीण मी!

२१ जानेवारी, मंगळवार



काल सकाळी पडदा उघडा होता. मी निवांत चहा प्यायले. बर्फ होता, गुडघा ठणकत होता, नाही गेले. संध्याकाळी काळोख पडला तरी पडदा उघडाच. म्हटलं, विसरली असेल. आज सकाळी उघडा. दहाला पावाची गाडी आली, भोंगा वाजवला, लोजा बाहेर येईना. तेव्हा गेले.

स्वयंपाकघरात जमिनीवर. रविवारी रात्रीपासून! दोन रात्री आणि मधला पूर्ण दिवस. टेबलावरचं कापड ओढून अंगावर घेतलं होतं तिनं. शुद्धीत होती. तिला सकाळी उठवत नाही हल्ली, म्हणून ती आठवडाभर पडदा रात्री उघडाच ठेवून झोपायची. मी उगाच धावत येऊ नये म्हणून, माझा गुडघा दुखतो म्हणून.

रुग्णवाहिकेला पन्नास मिनिटं लागली. खुब्याचं हाड मोडलंय. पिशवी मी दिली बरोबर.

इरेकला कळवलं. किती वेळ पडली होती ते सांगितलं नाही.

२४ जानेवारी, शुक्रवार

दवाखान्यात जाऊन आले. नव्या गाउनमध्ये आहे, घड्या अजून दिसतायत. मनगटात पट्टा! तिथे शेकडो माणसं, बटणं, घंटा, तरी तो घातलाय. म्हटलं, आता कशाला? म्हणते, आता बटाटे सोलायचे नाहीत ना.

बोलताना धाप लागते. छातीत कफ झालाय, डॉक्टर तोंड वाकडं करून बोलतात. मी पलंगाशी बसून म्हटलं, लोजा, माझी चूक झाली, मी यायला हवं होतं. ती म्हणते,

"गेने, तू जेवतेस ना वेळेवर?"

निघताना पुन्हा तेच. मी म्हटलं, हो गं बाई, जेवते. सकाळपासून चहाशिवाय पोटात काही नव्हतं.

३० जानेवारी, गुरुवार

लोजा गेली. पहाटे. इरेक पोचला होता. मी नव्हते.

३ फेब्रुवारी, सोमवार

पुरलं. शवपेटी उचलायला सहा माणसं लागतात. गावात पुरुष तीन, त्यातल्या झेनेकची पाठ गेलेली. शेवटी पैसे देऊन आणलेल्या परक्या माणसांनी उचलली, पांढरे हातमोजे घालून. स्ताखच्या वेळी खांदा द्यायला ओढाताण झाली होती.

नंतरच्या जेवणाला इरेक माझ्या शेजारी बसला. मला वाढत होता, सूप निवेल म्हणत होता. पन्नाशीचा झालाय, केस गेले. प्रत्येक घासाला वाटलं, आता सांगते. त्याला सांगायला हवं की तुझी आई तीनदा पडली आणि मी दर रविवारी तुला फसवलं. डिसेंबरातच सांगितलं असतं तर आज ती कुठल्यातरी उबदार खोलीत असती. जिवंत असती.

नाही सांगितलं. चिकन गिळलं आणि घरी आले.

५ फेब्रुवारी, बुधवार

इरेक किल्ली द्यायला आला, जायच्या आधी. उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं — पडणं, वचन, फोन, ती दोन रात्री पडून होती तेसुद्धा. म्हटलं, तुला मारायचं तर मार मला.

तो खुर्चीवर बसला. म्हणाला, "मावशी, मला प्रत्येक वेळचं ठाऊक होतं. आईच सांगायची फोनवर. ती तुझ्यासाठी थांबलीय हे तुला कळू नये, म्हणून ते वचन. मी उन्हाळ्यातच म्हाताऱ्यांच्या घरात जागा बघितली होती. ती म्हणायची, मी तिथे गेले तर गेनिया एकटी मरेल."

मग म्हणाला, खोली दोन पलंगांची होती. तिनंच तशी मागितली होती, ऑगस्टमध्ये नावंही दिली होती, दोघींची. मला विचारायचं तेवढं राहिलं होतं. धीर होत नव्हता तिला, मी गाव सोडणार नाही असं धरून चालली होती.

मी हो म्हणाले असते. त्याच मिनिटाला हो म्हणाले असते.