घरांची दृष्ट

प्रिय अक्का,

आज सकाळी एक माणूस आपलं घर बघायला आला आणि तोंड भरून कौतुक करून गेला. पुढच्या ओट्यावरच्या, आपल्या तिण्णैवरच्या, खांबांवरून त्यानं हात फिरवला. आत चपला काढून लाल जमिनीवर उभा राहिला आणि "किती गार वाटतं हो" म्हणाला. मागच्या अंगणातल्या अनंताच्या झाडाचे फोटो काढले. मग माझ्यासमोरच फोनवर कुणाला तरी सांगितलं, जागा फार चांगली आहे, जुनं बांधकाम पाडायला वेळ लागणार नाही. म्हणून लिहायला बसलेय. हे तुला नाही सांगायचं तर कुणाला सांगू?

तू गेल्याला वर्ष होत आलं. इतके दिवस पत्र लिहायचं मनात आलं नाही, कारण तुला देवनागरी वाचता कुठे येत होती? अप्पा मला पाटीवर अक्षरं शिकवायचे तेव्हा तू आईबरोबर चुलीपाशी असायचीस. तुझं सगळं वाचन तमिळमधून. तेव्हा लिहून झालं की तिण्णैवर बसून मोठ्यानं वाचणार आहे. रस्त्यानं जाणाऱ्यांना वाटू दे, म्हातारीचं डोकं फिरलं. नाहीतरी आपल्या मराठीत बोलायला या घरात आता मीच उरलेय.

तुझ्या श्रीनिला नावं ठेवू नकोस हं. पोरगा सरळ आहे. "घर माझ्या नावावर असलं तरी तू हो म्हटल्याशिवाय मी सही करणार नाही, मावशी," म्हणतो. चेन्नईत नवव्या मजल्यावर माझ्यासाठी खोली ठेवलीय त्यानं. आज संध्याकाळपर्यंत उत्तर दे म्हणाला. त्याचं काय चुकलं? स्वयंपाकघर गळतं, माझे गुडघे गेले. गेल्या महिन्यात विहिरीपाशी पाय घसरला, तर दूधवाली येईपर्यंत तशीच पडून होते. हे त्याला सांगितलं नाही. तुला सांगतेय.

काय उत्तर द्यावं ते कळेना, म्हणून ऊन उतरल्यावर फिरायला निघाले. तू गेल्यापासून पहिल्यांदाच. पोंगल झालं की शिवरात्रीपर्यंतचे हे दिवस आपले घरं बघायचे, नाही का? नंतर तुला ऊन सोसायचं नाही. जुन्या मराठा राजवाड्यामागच्या गल्ल्यांतून हात पाठीमागे बांधून चालायचीस, जसं काही मोजणीलाच आली आहेस. प्रत्येक फाटकाशी थांबायचं. कुणाच्या खिडकीची नक्षी, कुणाची अबोली, कुणाच्या आंब्याला मोहोर किती. मला घाई असायची, तुला कधीच नसायची.

आणि घरी आल्यावर ते तुझं मीठ! दृष्ट माणसांची काढतात, गाईची काढतात. तू मात्र आपण बघून आलेल्या घरांची काढायचीस. पाण्याचं पितळी भांडं घेऊन मागच्या अंगणात उभी राहायचीस आणि एकेका घराच्या नावानं चिमूटभर मीठ ओवाळून पाण्यात सोडायचीस. "आपण इतकं डोळे भरून बघितलं, बाधलं म्हणजे?" मी हसायचे. शाळेत विज्ञान शिकवणारी बाई मी, हसणार नाही तर काय?

सगळी घरं झाली की शेवटची चिमूट माझ्यावरून. "मला कोण लावणार गं दृष्ट?" मी म्हणायचे. काळी, काटकुळी, लग्न न झालेली. तू मीठ पाण्यात सोडून म्हणायचीस, "माझी लागते ना." एवढंच. मग भांडं घेऊन कोपऱ्यावर पाणी ओतायला जायचीस.  

आज गेले तर निळ्या खिडक्यांचं डॉक्टरांचं घर नाही. नुसता खड्डा. त्याच्या कडेला बांबूवर राक्षसाचं तोंड काढलेला कोहळा टांगलाय, कुणाची नजर लागू नये म्हणून. कुणाची लागणार आता तिथं? कशाला? पुढच्या घराला कुलूप. फाटकातून बघितलं तर मोहोर गळून अंगणभर पडला होता, झाडणारं कुणी नव्हतं. त्यापुढच्याचे खांब काढून दुकानाचं शटर बसवलंय. मी भराभर चालत राहिले.

फणसवाल्या कमलाम्मा मात्र दारातच होत्या. फणसाच्या बुंध्याला यंदाही बारकी फळं लागलीत. मला बघून त्या रडल्या नाहीत की काही नाही. तमिळमध्ये म्हणाल्या, "यंदा मीठ टाकलं नाही ना कुणी?"

 त्यांना कसं ठाऊक?

"तुझ्या अक्कानंच सांगितलं होतं. माझ्या फणसाकडे बघून गेली की घरी जाऊन मीठ टाकते म्हणायची. ती होती तोवर या गल्लीतलं एक घर पडलं नाही. तू तरी यायला हवं होतंस."

त्या थट्टा करत नव्हत्या, अक्का. मला राग आला. त्यांचा नाही, तुझा. सगळं गाव सांभाळून घेतलंस आणि जाताना मला एका शब्दानं सांगितलं नाहीस की आता हे तू करायचं. मी हसते म्हणून सांगितलं नाहीस का? हसले तरी केलं असतं गं.

कमलाम्माही पंगुनी महिन्यात, फाल्गुन सरता सरता, मुलीकडे कोईमतूरला जायच्या आहेत, कायमच्या. "तूही जा," म्हणाल्या. "एकटीला घर खायला उठतं." खरं आहे ते. रोज उठतं.

दिवेलागणीला परतले आणि तुझं भांडं काढलं. कमलाम्मांच्या घराच्या नावानं मीठ सोडलं, कुलूपवाल्या घराच्या, शटरवाल्या घराच्या. सवयीनं डॉक्टरांच्या घराचंही सोडून बसले. मग आपल्या घराचं. हे तू कधीच केलं नव्हतंस, आपलं घर आपण बघायला थोडीच जायचो? पण सकाळी तो माणूस डोळे भरून बघून गेला होता.

शेवटची चिमूट हातात राहिली. स्वतःवरून स्वतः ओवाळायला हात वर नेला आणि तुझं ते "माझी लागते ना" ऐकू आलं. इथं, या अंगणातच ऐकू आलं. नवव्या मजल्यावर येईल का? तिथं तू मला कुठून बघशील? तू तर लिफ्टमध्येही कधी पाऊल टाकलं नाहीस.

चिमूट परत बरणीत टाकली आणि श्रीनिला फोन केला. "मी नाही येत," म्हटलं.  "बरं, मावशी" म्हणाला. रागावला असेल. रागावू दे. पडले तर दूधवाली आहेच.

तर अक्का, तुला शब्द देते. दर वर्षी या दिवसांत फिरायला जाईन, गुडघे चालतील तिथवर. एखादं घर उरलं असलं तरी जाईन आणि येऊन त्याच्या नावानं मीठ सोडीन. सगळ्यांची दृष्ट काढीन. फक्त माझी काढणार नाही. तुझी लागलेली तेवढी राहू दे.

तुझी,
सुमा