खुंटीवरचं घुमट

हरमल, शुक्रवार, दिवेलागण

आजही ती उंबऱ्यावरच अडली. इग्वाना म्हणतात तिला. घोरपडीएवढी, पण हिरवीगार. भाड्याच्या खोलीतला गोरा पाहुणा तिला काचेच्या पेटीसकट ठेवून गेला, तेव्हापासून मी तिला बाहेरची सवय लावतेय. ऊन, वारा, सगळ्यालाच बिचकते. पुढ्यात जास्वंदीची फुलं ठेवली, तिचा आवडता खाऊ. तरी नाही. एक डोळा ओटीच्या भिंतीवर टांगलेल्या घुमटावर.

कालही तिथेच बघत होती. का? ते वाऱ्याने हलतं म्हणून? की वास येतो?

घुमट सासऱ्यांचं, चतुर्थीच्या आरतीला वाजवतात ते मडक्यासारखं वाद्य. जुनं, तोंडावर घोरपडीचं कातडं ताणलेलं. आता त्या कातड्याला बंदी, म्हणून जिवापाड जपतात. ही घरात आली तेव्हा तिच्या पाठीवरून बोट फिरवून ते म्हणाले होते, "कातडा बरा आसा." तेव्हापासून माझ्या जिवाला घोर. पेटीला कुलूप लावून झोपते.

आज ते ओटीवर आले आणि तिच्याकडे बघतच राहिले. मी तिला उचलायला पुढे झाले, तर त्यांनी खुंटीवरचं घुमट काढलं आणि खांद्यावरच्या पंच्यात गुंडाळलं.

"तिच्याच जातीचा कातडा मगो," म्हणाले. "तिका दिसता."

घुमट घेऊन आत गेले. थोड्या वेळाने तिने एक पाय उंबऱ्याबाहेर टाकला. घुमट गेलं म्हणून, की ऊन उतरलं म्हणून? कळत नाही.

पेटीला कुलूप मात्र आज लावलं नाही.