जाळी नव्हती

चिमे,

तू क्लासहून येईपर्यंत थांबलो असतो, पण साहेब पाचला निघतात. म्हणून कारखान्यात परत जातोय. गॅस बंद केलाय, तरी एकदा बघ.

काल माझ्या कामावरच्या जोडीदाराचं बोट मशीनमध्ये गेलं. रिपोर्ट मला लिहायला सांगितला, पण एकट्याने लिहिणं मला जमत नाही. मी पेन्सिलीने लिहायचं आणि तू पेनने पक्कं करायचं, ही आपली रीत. पण तू तिथे कुठली असणार? मग फायलीतला जुना रिपोर्ट काढला, नाव आणि तारीख बदलून जसाच्या तसा उतरवला. सही ठोकून मोकळा झालो.

आज शब्दाशब्दावर बोट ठेवून वाचला. त्यात आहे की हात आत जाऊ नये म्हणून मशीनला जाळी होती, ती कामगाराने स्वतः काढली. अगं, ते जुन्या अपघाताचं! आमच्या मशीनला महिनाभर जाळीच नाही. आता सगळं जोडीदारावर शेकेल. आणि तो दवाखान्यातून मलाच विचारतोय, "नीट लिहिलंस ना?"

ही चिठ्ठी लिहायला पाऊण तास गेला. तिथे तर नव्या रिपोर्टच्या तीनच ओळी लिहायच्यात.

पेन्सिल टेबलावर ठेवलीय. तुझं पेन नेतोय.

बाबा