एका हाताचं सूप

४ नोव्हेंबर

पोचलो एकदाचे. आई, मी, दोन बॅगा, आईचा वॉकर आणि तिची ती उशी, जिच्याशिवाय तिला झोप येत नाही. टेम्पोवाल्यानं आणि मी मिळून तिला खुर्चीसकट आत आणलं. ती सगळ्या रस्त्यानं त्या बिचाऱ्याला गाडी कशी चालवायची ते शिकवत होती, म्हणजे तब्येत ठीक आहे.

खोली स्वयंपाकघराला लागून आहे. खिडकीतून मागचं अंगण दिसतं. जीव भांड्यात पडला. कमरेचं हाड मोडल्यापासून आई उभी राहिलेली नाही. डॉक्टर म्हणाले, हाडं खडूसारखी झालीत, आता चालण्याचं विसरा. हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरात माझी इतकी वर्षं गेली, पण तिला दिवसभर एकटीला टाकून जायचं म्हणजे जिवाला घोर. बाबा गेल्यावर हिनं हाडाची काडं करून मला वाढवलं. तेव्हा ‘राहण्याची सोय, घरी आजारी माणूस असल्यास सोबत आणावे’ अशी जाहिरात दिसल्यावर मी फोन करायला दमच धरला नाही. असं कोण लिहितं हल्ली?

मालकीणबाई म्हाताऱ्या आहेत, पण किती ते कळत नाही. पाठ ताठ, दात स्वतःचे. काम म्हणाल तर त्यांचा साधा स्वयंपाक आणि रोज हाडांचं सूप. त्यासाठी भलामोठा स्लो कुकर आहे, आत पांढरं चिनी मातीचं भांडं, वर काचेचं झाकण. एकच अट. सूप एकाच हातानं व्हायचं. घालणं, ढवळणं, गाळणं, सगळं एकानंच, दुसऱ्यानं डावालाही शिवायचं नाही, नाहीतर नासतं म्हणे. मी म्हटलं, उत्तम. माझ्या भांड्यात कोणी नाक खुपसलेलं मला तसंही खपत नाही.

गंमत म्हणजे दारामागे एप्रन अडकवायला एकाखाली एक तीन खिळे आहेत. खालचा जेमतेम माझ्या गुडघ्याशी, आणि एप्रन त्याच्यावरच लटकवलेला. मी आईला म्हटलं, आधीची बाई बुटकी दिसतेय. आई म्हणाली, तुझ्यासारखी शिडी आल्यावर दुसरं काय दिसणार, चौकटीला डोकं आपटून घेऊ नकोस. मी एप्रन सर्वांत वरच्या खिळ्याला लावला.

६ नोव्हेंबर

खाटकाकडे जाऊन आले. नळ्या आणि सांध्याची हाडं तोडून घेतली. घरी येऊन ओव्हनमध्ये लाल होईपर्यंत भाजली, मग भांड्यात गार पाणी, चमचाभर व्हिनेगर, कांदा, गाजर, मिरी. मंद आच. फेस आला की काढत राहायचा, तिथे आळस केला की सूप गढूळ झालंच समजा.

खाटीक बोलका आहे. पण कोणत्या घरची म्हणून सांगितलं तसं त्यानं मला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं. मग म्हणाला, आधीची बाई चांगली तुमच्याएवढी उंच होती. मी म्हटलं, मग ती दुसरी कोणी असेल, हिचा खिळा माझ्या गुडघ्याशी आहे. तो सुरी पुसत बसला.

सूप गार झाल्यावर असं थरथरीत बसलं की चमचा उभा राहावा. माझ्या हातून जन्मात असं झालं नव्हतं. मालकीणबाईंनी बाऊल दोन्ही हातांनी धरून पूर्ण संपवला. आईनं तर बाऊल पुन्हा पुढे केला. मला हाडांचा वास नोकरीतच नकोसा झालेला, मी आपली भाजीपोळीवर खूश.

११ नोव्हेंबर

आई उभी राहिली.

मी पलंगाची चादर बदलत होते, तर ही कड धरून आपली आपण उभी. पाय थरथरत होते पण उभी. आम्ही दोघी रडलो. मग ती म्हणाली, रडणं पुरे, मला आधी त्या खिडकीपर्यंत ने, कधीची बघायचीय.

एक गोष्ट मात्र डोक्यातून जात नाही. गाळून झाल्यावर हाडं टाकायला काढली. इतका वेळ शिजलेलं हाड बोटांत चुरलं पाहिजे, नळीचा तर भुगा होतो. ही जशीच्या तशी. सिंकवर आपटून पाहिलं तर ठण्ण वाजलं. मग सूप एवढं घट्ट झालं कशानं? असो. आई उभी राहिली, हे महत्त्वाचं.

१७ नोव्हेंबर

वॉकर कोपऱ्यात पडलाय. आई अंगणात फिरते, फाटकापर्यंत जाते, मालकीणबाईंशी गप्पा मारते. दोघींचं चांगलंच गूळपीठ जमलंय.

माझं मात्र काहीतरी बिनसलंय. चपला सैल होतात. वरच्या फळीवरची मिठाची बरणी आल्या दिवशी सहज काढली होती, आज टाचा उंचावूनही हाताला येईना. मनगट ठणकतं. एका जागी बसवत नाही, उगाच या खोलीतून त्या खोलीत करते. आईला म्हटलं, या घरातल्या फळ्या वर सरकतात वाटतं. ती हसली, म्हणाली, शिडीची एखादी पायरी निखळली असेल. मीही हसले.

मग दाराच्या चौकटीला पाठ लावून डोक्याशी पेन्सिलीनं खूण केली. उगाच आपली खात्री म्हणून.

२१ नोव्हेंबर

खूण माझ्या डोक्याच्या वर आहे. मध्ये चार बोटं सहज मावतात.

तशीच खाटकाकडे गेले. वाट संपता संपेना. त्यानं गिऱ्हाईक जाऊ दिलं, शटर अर्धं ओढलं आणि सांगितलं. आधीच्या बाईनं लुळी बहीण सोबत आणली होती, स्ट्रेचरवरून. काही दिवसांनी ती बहीण स्वतःच्या पायांनी चालत त्या घरातून निघून गेली. सूप लागू पडलं म्हणून सगळ्यांना सांगत होती. बाई कुठे आहे विचारलं तर म्हणायची, मालकीणबाई म्हणतात ती आधीच दुसऱ्या कामावर गेली. तिला जाताना कोणी पाहिलं नाही. खाटीक म्हणाला, ताई, आजच निघा. आणि पहिल्यांदाच त्यानं माझ्याकडे खाली वाकून पाहिलं.

पिशवीतल्या हाडांचं ओझं आता पेलत नाही. पण ही हाडं फक्त दाखवायला आहेत. भांड्यात कोणाची उतरतात ते मला कळलंय.

२४ नोव्हेंबर

मालकीणबाईंना तोंडावर विचारलं. त्यांनी नाकारलंसुद्धा नाही. भाजीचा भाव सांगावा तसं शांतपणे सांगितलं. ढवळणाऱ्या हाताचं जातं, पिणाऱ्या तोंडाला मिळतं. दोघींचे हात लागले तर काही उतरत नाही, म्हणून एकच हात. आणि पिणाऱ्यांत एक वाटा त्यांचा, कायमचा.

मी म्हटलं, आम्ही चाललो. त्या म्हणाल्या, अवश्य जा, कोणी बांधून ठेवलंय? फक्त सूप असं अर्ध्यातच थांबलं की आईंचे पाय आठवडाभरात पुन्हा खडू.

खिडकीतून आई दिसत होती. चवड्यांवर उभी राहून दोरीवर कपडे वाळत घालत होती, तोंडानं काहीतरी गुणगुणत. मला तिचा राग आला. मग त्या रागाचीच लाज वाटली.

आत गेले आणि एप्रन बांधला. काम झाल्यावर मधल्या खिळ्याला लावला. वरच्याला हात पुरत नाही.

२८ नोव्हेंबर

डाव उचलवत नाही. दोन्ही हातांनीही. आज करंगळी भांड्याच्या काठावर मागे वळली, दुखलंही नाही. तेच जास्त वाईट.

आईला सांगितलं, ताप आहे. ती कपाळाला हात लावून म्हणाली, अंग तर गार आहे. काही खात नाहीस, किती बारीक झालीस, आरशात बघ जरा.

आरसा वर आहे.

३० नोव्हेंबर

एप्रन खालच्या खिळ्याला लावला. गुडघ्यावर बसावं लागलं नाही.

नंतर उठता आलं नाही. आईनं उचललं — एकटीनं. मी तिच्या पलंगावर आहे, तिच्याच उशीवर. अक्षर वाकडं येतंय, बोटं पेन्सिलीभोवती —

२ डिसेंबर

आज बरं आहे. पेन्सिल नीट धरता येते. करंगळी सरळ झाली. काल आईनं चमच्यानं काहीतरी गरम भरवलं, गुंगीत होते, प्यायले. विश्रांतीनं एवढा फरक पडेल असं —

कोणी केलं ते?

आईला हाक मारली. एप्रन बांधूनच आली. म्हणाली, त्यात काय एवढं, मालकीणबाईंनी शिकवलं, आता मीच करते, तू पडून राहा. आणि सांगितलं, काय आनंदानं सांगितलं, की एप्रन तिनं वरच्या खिळ्याला लावला. तिचा हात पुरतो.

३ डिसेंबर

सगळं सांगितलं तिला. पाया पडून सांगितलं, तू चालत नीघ, पाय आहेत तोवर. मला राहू दे.

ती ऐकता ऐकता माझी करंगळी चोळत होती. मग म्हणाली, एकदा वाढवलंय तुला, पुन्हा वाढवीन.

मी म्हटलं, मी पिणार नाही. तोंड घट्ट मिटलं. लहानपणी औषधाला मिटायचे तसं. तिनं नाक दाबलं — तेव्हाही असंच दाबायची.

५ डिसेंबर

एप्रन मधल्या खिळ्यावर. दार उघडं आहे, इथून दिसतो.

मालकीणबाई दारात उभ्या राहून गेल्या. गाल लाल.

माझे पाय आज पांघरुणाच्या टोकाला लागले. लाज वाटते — बरं वाटतं याची. नको. उद्यापासून नक्की नको.

भूक लागते. त्याच वासानं.

६ डिसेंबर

आईचं पाऊल फरफटतंय. स्वयंपाकघरातून इथवर केवढा वेळ — भिंत धरून येते. गुडघ्यांचा कटकट आवाज. वॉकर कोपऱ्यातून गेलाय.

मिटायचं. दात दाबून. नाक दाबलं तरी. तिनं हात लावायच्या आत सांडून टाकायचं — हो, हातानं उडवून —

आली. बाऊल हलतोय, जमिनीवर थेंब पडतायत. म्हणते, सांडू नकोस हं, शिडे, आज थोडंच झालंय. ठेव ते लिहिणं. आ कर.

वास —

आई, नको. मी तोंड