धुऊन आलेला डबा

आई, आज त्या दरीकडे जाऊन आले. आता तिथे तारेचं कुंपण आहे, तेलाच्या ट्रकसाठी सपाट केलेला रस्ता आहे, आणि झऱ्याच्या जागी नुसता ओलसर डाग. मला तुझा राग आला. तू जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तो जराही निवलेला नाही, याचं माझं मलाच नवल वाटलं.

ऐंशीच्या दशकात बाबांना अमेरिकेत, युटामधल्या त्या टीचभर गावात हॉस्पिटलची नोकरी लागली आणि तू घरात बसून कंटाळलीस. मग लाल दऱ्या वाचवणाऱ्या समितीत शिरलीस. बैठका आपल्याच किचनमध्ये होत. मळके बूट घातलेले गोरे निसर्गप्रेमी तुझा चिवडा मूठमूठ खात नकाशावर रेघा ओढायचे. मोठी दरी सरकारनं राखून ठेवावी, अशी त्यांची मागणी. तिच्या शेजारची लहान दरी तिथल्या मूळच्या नावाहो लोकांची. त्यांच्या मेंढ्या तिथे चरत, औषधी झाडपाला तिथूनच येई. त्यांच्यातल्या एक आजी नातीला दुभाषी म्हणून घेऊन येत आणि खिडकीजवळ बसत. मागणी पदरात पाडून घ्यायला लहान दरी तेलवाल्यांना सोडून द्यावी, अशी कुजबुज सुरू झाली, तेव्हा तू ताडकन म्हणालीस, "मग ह्यांना मीटिंगला कशाला बोलावता? चहा प्यायला?" दिसत होतीस काय तू त्या दिवशी! आजींचा हात धरून तू शब्द दिलास की सरकारी सुनावणीत मी तुमच्या शेजारी उभी राहीन आणि लहान दरीसाठी बोलेन. समितीत त्यांचा विश्वास होता तो फक्त तुझ्यावर.

तुमच्या दोघींत एक स्टीलचा डबा ये-जा करायचा. तू बेसनाचे लाडू पाठवायचीस. त्यातून कधी पाइनच्या बिया यायच्या, कधी भाजलेला मका. आपल्याकडे शेजारणी-शेजारणींत चालतं तसंच, यावर तू खूश असायचीस.

मग समितीनं परस्पर तडजोड केली. लहान दरी वगळल्याचं पेपरात छापून आलं आणि खाली, न विचारता, तुझंही नाव. तू संतापलीस. लाडवांचा डबा भरलास आणि नातीबरोबर निरोप दिलास, की हे माझं मत नाही, मी सुनावणीला येतेय. दोन दिवसांनी डबा परत आला. तू सिंकपाशी उभ्याउभ्याच उघडलास. आत काही नव्हतं.

"रिकामा पाठवला. समजायचं ते समजले मी."

बाबा म्हणाले, "अगं, त्यांच्यात नसेल ही पद्धत. फोन कर ना नातीला, सिंपल आहे."

"शिकवू नका मला. रिकामा डबा कोण पाठवतं? संबंध तोडायचे असले की."

आणि सुनावणीच्या दिवशी तू घरी बसून कपाटं आवरलीस. सरकार, तेलवाले, समितीवाले यांच्यावर माझा राग आहेच. पण त्यांनी निदान स्वतःच्या फायद्यासाठी केलं. तू मात्र एका डब्यापायी लग्नातल्या विहिणीसारखी रुसून बसलीस. तू बोलल्यानं दरी वाचलीच असती असं मी म्हणत नाही. पण तिथे त्या म्हाताऱ्या बाईच्या शेजारी कुणीच उभं राहिलं नाही, आणि तू तसा शब्द दिला होतास.

आज कुंपणापाशी ती नात भेटली. केस पिकलेत, गावच्या शाळेत शिकवते. मी काही विचारायच्या आत तिलाच डबा आठवला. "त्या वर्षी मका जळून गेला होता, घरात द्यायला काही नव्हतं," ती म्हणाली. "प्यायचं पाणीसुद्धा आम्ही पिंपातून आणायचो. आजीनं त्यातल्याच पाण्यानं तुमचा डबा दोनदा धुतला. तुपाचा वास जाईना ना! दुसऱ्याचं भांडं लख्ख करून द्यायचं, असं तिचं होतं." सुनावणीत लोक भिंतीला टेकून उभे होते, तरी आजींनी शेजारच्या खुर्चीवर आपली शाल ठेवून ती शेवटपर्यंत अडवून धरली, हेही तिनंच सांगितलं.

मग तिनं विचारलं, "तुझी आई आली का नाही गं?"

मी म्हटलं, "शी वॉज सिक. खूप आजारी होती."

"आजीला वाटलंच होतं," ती म्हणाली. "त्यानंतर कितीतरी दिवस ती रोज पहाटे तुझ्या आईसाठी प्रार्थना करायची."

हे पत्र पाठवायचा प्रश्नच नाही. पण पाठवता आलं असतं, तरी हा शेवटचा भाग मी फाडून ठेवला असता. मी तुला पाठीशी घातलं, हे तुला कळायला नको आहे मला.