बदनावरचा पैसा पीथमपूरला

सर, आज आमच्या कंपनीची वार्षिक सभा झाली. भागधारकांची सभा म्हणजे तुमच्या वेळी मांडव, खुर्च्या, समोशाचं पाकीट आणि पाकीट न मिळाल्याबद्दल कुणाचं तरी रुसणं. आता सगळं पडद्यावर होतं. पीथमपूरच्या ऑफिसातल्या एका खोलीत आम्ही पाचसहा जण कॅमेऱ्यासमोर बसतो आणि भागधारक आपापल्या घरून चौकोनांतून डोकावतात. सभा चालवायचं काम माझं, कारण मी इथली कंपनी सेक्रेटरी. म्हणजे मालक एका बाजूला, ज्यांचा पैसा कंपनीत आहे ते लोक दुसऱ्या बाजूला, आणि मध्ये कायद्याचं पुस्तक घेऊन बसलेली मी. सभा संपली, सगळे पांगले, घरी जायची बस सुटायला वेळ आहे, आणि मला तुमच्याशी बोलावंसं वाटतं आहे. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी घरात तुमचं नाव निघतं. माझी मुलगी विचारते, ‘मम्मी, वही डाँटने वाले सर ना?’ हो, तेच.

तुम्ही धारचे. संस्थानच्या काळात तुमचे आजोबा खजिन्यावर होते, आणि त्या खजिन्यातलं तुमच्याकडे काही उरलं असेल तर ती ‘पैसा’ हा शब्द जपून उच्चारण्याची सवय. देवासच्या कॉलेजात कॉमर्स शिकवायला आलात, आमच्याच गल्लीत खोली घेऊन राहायचात आणि शनिवारी धारला घरी, काकूंकडे, जायचात. वर्गात हिंदीत शिकवायचात, पण मला रागवायचं असलं की मराठीत. विकसनशील देशात भांडवल बाजाराची भूमिका, हा प्रश्न मी गाइडातून घोकून लिहिला होता. बचतीला चालना, उद्योगांना दीर्घ मुदतीचं भांडवल, सगळे मुद्दे एकाखाली एक, अधोरेखित. तुम्ही पेपर माझ्यासमोर ठेवून म्हणालात, ‘मुद्दे बरोबर आहेत. आता मला हे सांग, बदनावरच्या मंडीत सोयाबीन विकून आलेला पैसा पीथमपूरच्या कारखान्यात कसा जातो?’ मी म्हटलं, ‘बसने.’ सगळा वर्ग हसला. तुम्ही हसला नाहीत. ‘बस जाते, ट्रक जातात, मजूर जातात. पैसाच काय म्हणून नाही जाऊन राहिला? विचार कर आणि मग लिही. गाइड घरी ठेव.’ मी घरी जाऊन रडले होते, हे तुम्हाला कधी सांगितलं नाही. आता सांगायला हरकत नाही.

पुढचे कितीतरी दिवस तुम्ही तोच एक प्रश्न वर्गात उलटसुलट करत राहिलात. मंडीतला व्यापारी सोनं घेतो, प्लॉट घेतो, लग्नात उडवतो, आणि पन्नास-साठ मैलांवर कुणी तरी मशीनसाठी पैसा शोधत हिंडतो. दोघांची गाठच पडत नाही. बँक कारखानदाराला कर्ज देते, पण बँकेचा हप्ता पुढच्याच महिन्यापासून दारात उभा, आणि कारखान्यातून पहिला माल निघायला तर दोन पावसाळे जातात. तुम्ही म्हणायचात, कारखान्याला वाट पाहणारा पैसा लागतो. असा पैसा एका माणसाकडे फार नसतो, हजारो लोकांकडे थोडा थोडा असतो, आणि तो गोळा करायची जागा म्हणजे हा भांडवल बाजार. मग खडू खाली ठेवून, हात झटकत, एक वाक्य हमखास यायचं: पण जो वाट पाहतो, त्याला विचारायचा हक्क असतो. त्या वेळी मला वाटायचं, हे परीक्षेत येणार नाही, तर लिहून कशाला घ्यायचं.

मग तुम्ही आमच्या घरी आलात. स्वयंपाकघरातच बसलात, कारण बाहेरच्या खोलीत बाबा रात्रपाळी करून झोपले होते. आई कढईत पोहे परतते आहे, तुम्ही स्टुलावर बसून बशीतून चहा पिता आहात आणि आवाज ऐकून बाबा डोळे चोळत दारात येतात. बाबा जळगावकडून देवासला कारखान्यात नोकरीसाठी आलेले. बी.कॉम. झालं की माझं लग्न, हे त्यांनी ठरवून टाकलेलं. तुम्ही माझ्या पुढच्या, कंपनी सेक्रेटरीच्या कोर्सची गोष्ट काढलीत, त्यात शेअर हा शब्द आला, आणि बाबा म्हणाले, ‘सर, आपला मान आहे, पण आमच्या घरात सट्टा नको.’ तुम्ही वाद घातला नाहीत. आईला विचारलंत, ‘वहिनी, तुम्ही बचत कुठे ठेवता?’ आईने एकदम बाबांकडे पाहिलं, कारण ती बचत बाबांनाच ठाऊक नव्हती. तुमच्या ते लक्षात आलं. ‘असू द्या, नका सांगू. कुठल्या तरी डब्यात असेल. तिथे तो पैसा डाळीची राखण करतो, दुसरं काही करत नाही.’ बाबांना हसू आलं, पण ते सहजासहजी हटणारे नव्हते. ‘आणि कारखाना बुडाला तर?’ ‘तर पैसाही बुडेल,’ तुम्ही म्हणालात. ‘मी खोटं कशाला सांगू? म्हणून तर विचारता आलं पाहिजे. तुमच्या पोरीला मला तेच शिकवायचं आहे.’ बाबा म्हणाले, ‘बघू.’ आमच्याकडे ‘बघू’ म्हणजे नाही.

जाताना तुम्ही मला काही दिलं नाहीत. ते नंतर पोस्टाने आलं. पीथमपूरच्या एका कंपनीचे थोडे शेअर तुमच्याकडे होते, त्यांतला कंपनीने फुकट, बोनस म्हणून दिलेला एक सुटा शेअर तुम्ही माझ्या नावावर करून दिला होता. एक. माझ्या नावाने घरात आलेलं ते पहिलं टपाल. बाबांनी पाकीट उलटंपालटं करून पाहिलं आणि पोस्टमनला दोनदा विचारलं, नाव बरोबर आहे ना. त्यानंतर कंपनीचा जाडजूड अहवालही माझ्याच नावाने आला. तो मी तुमच्या खोलीच्या पायरीवर बसून वाचायला शिकले. पुढचे रंगीत फोटो सोडायचे आणि मागच्या बारीक अक्षरांपासून सुरुवात करायची, हेही तिथेच शिकले.

त्या कंपनीच्या वार्षिक सभेला मला एकटीला तुमच्याबरोबर कोण पाठवणार? तुम्ही त्याचीही सोय केलीत. काकूंच्या नावावर शेअर होते. त्यांच्या जागी प्रतिनिधी म्हणून आईचं नाव तुम्ही वेळेत कंपनीला कळवलंत. सातवीपर्यंत शिकलेली माझी आई कारखान्याच्या फाटकातून आत जाते आहे, चांगली साडी नेसून, पिशवीत नारळ घेऊन. चौकीदाराने विचारलं, ‘ये किसलिए?’ आई म्हणाली, ‘हमारा पैसा लगा है ना, तो खाली हाथ कैसे आएँगे.’ तुम्ही मान वळवून हसू लपवलंत, पण तिला अडवलं नाहीत. मांडवात माझी पाळी आली तेव्हा मी उभी राहून विचारलं की गेल्या अहवालात लिहिलेलं दुसरं मशीन कधी बसणार. अध्यक्षांनी विचारलं, ‘बेटी, कितने शेअर हैं?’ मी म्हटलं, ‘एक.’ सगळा मांडव हसला. अध्यक्ष म्हणाले, ‘बैठो, चाय पियो,’ आणि पुढचं नाव घेतलं. मी बसले. तुम्ही माझा प्रश्न स्वतः विचारला असतात तर मी जन्मभर तुमची विद्यार्थिनीच राहिले असते. तुम्ही फक्त उठून म्हणालात, ‘साहब, जवाब रह गया,’ आणि खाली बसलात. अध्यक्षांनी चष्मा काढला, पुसला, आणि मग माझ्याकडे बघून उत्तर दिलं. मशीन बंदरावर अडकलं आहे, दिवाळीनंतर बसेल. सभेनंतर लोकांना शेड दाखवली, तिथे आईने त्या मशीनसाठी बांधलेल्या चौथऱ्यापाशी नारळ ठेवला आणि एका कामगाराने तो फोडून सगळ्यांना खोबरं वाटलं. घरी येऊन आईने बाबांना एवढंच सांगितलं, ‘पोरीने विचारलं आणि साहेबाला उत्तर द्यावं लागलं.’ बाबा बराच वेळ बूट पुसत बसले. मग म्हणाले, ‘फी कधी भरायची असते?’

सर, आज माझं जे काही आहे ते ‘साहब, जवाब रह गया’ या तुमच्या एका वाक्यावर उभं आहे. पगार, देवासचं घर, ऑफिसच्या दारावरची पाटी, मुलीचं इंजिनिअरिंग. तुमचे आभार मी कधी धडपणे मानले नाहीत. त्या काळी सरांचे आभार मानायचे म्हणजे पाया पडायचं, आणि तुम्ही पाया पडू द्यायचा नाहीत. आता बदनावरचा पैसा पीथमपूरला क्षणात येतो. मंडीतल्या व्यापाऱ्याचा मुलगा गाडीवर बसल्या बसल्या फोनवरून शेअर घेतो. तुम्हाला आनंद झाला असता. पण आमच्या बसमध्ये तीच पोरं मिनिटामिनिटाला भाव बघत असतात, सकाळी घेतात आणि जेवणाच्या सुट्टीत विकतात, आणि कंपनी काय बनवते म्हणून विचारलं तर सांगता येत नाही. तेव्हा तुम्ही मराठीत रागावला असता. पैसा पोचायला लागला, वाट पाहणारे मात्र कमी झाले.

वाट पाहणाऱ्यांपैकी एक म्हणजे आमचे एक भागधारक, देवासचे काका. रिटायर झालेले, थोडे कटकटे, दर सभेत मिठाईचं पाकीट का बंद केलं म्हणून विचारणारे. आमची कंपनी औषधांची खोकी बनवते. काही वर्षांपूर्वी आम्ही नवी शेड आणि नवं मशीन यांच्यासाठी शेअर विकून लोकांकडून पैसा उभा केला. जमीन घेतली, भिंत घातली, आणि काम थांबलं. पैसा कुणी खाल्लेला नाही, बँकेत पडून आहे. ज्या गिऱ्हाइकाच्या भरवशावर शेड बांधायची होती, त्याने अजून होकार दिलेला नाही. हे अहवालात बारीक अक्षरांत आहे, मीच ते आग्रहाने घालते. पण मोठ्याने कुणी म्हटलेलं नाही. काकांनी यंदा बोलण्यासाठी नाव दिलं, आणि परवा आमच्या मॅनेजिंग डायरेक्टरांनी मला बोलावून घेतलं. वयाने माझ्याहून लहान, माणूस वाईट नाही. म्हणाले, ‘मॅडम, वो देवास वाले अंकल रहने दो. बोल देंगे टाइम नहीं था.’ वेळ कमी असेल तर नावं कमी करायची मुभा आम्हाला खरंच आहे. मी म्हटलं, ‘सर, टाइम तो है.’ ते म्हणाले, ‘सोच लीजिए, मॅडम. अगले साल ऑफिस में बहुत बदलाव होने वाले हैं.’ मी विचार केला. मुलीचं शेवटचं वर्ष बाकी आहे आणि घर माझ्याच पगारावर चालतं. रात्री नीट झोप लागली नाही. सकाळी मी यादीतून नाव काढलं नाही.

आज मी त्यांचं नाव पुकारलं. पडद्यावर आधी पंखा दिसला, मग अर्धं कपाळ. ‘भिया, आवाज आ री है?’ म्हणाले. मिठाईचं विचारून झालं. मग म्हणाले, ‘मैं पिछले हफ्ते बस से गया था. दीवार के ऊपर से देखा. अंदर तो सोयाबीन लहलहा री है. अपनी मशीन किधर है भिया?’ चौकीदाराने तिथे सोयाबीन पेरलं आहे, हे खोलीतल्या कुणालाच माहीत नव्हतं. डायरेक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना वाटलं असेल, मी पुढचं नाव घेईन. मी पाण्याचा ग्लास त्यांच्याकडे सरकवला आणि नावांची यादी मिटून ठेवली. दोन घोट पाणी पिऊन ते बोलले. मशीनची ऑर्डर दिलेलीच नाही, गिऱ्हाईक नक्की नाही, मार्चपर्यंत झालं नाही तर पैशाचं काय करायचं ते पुन्हा भागधारकांनाच विचारू. काका म्हणाले, ‘ठीक है. यही पूछना था.’ मी ते शब्द न शब्द नोंदवून घेतलं. सभा संपल्यावर डायरेक्टर माझ्याशी न बोलता निघून गेले. उद्या काय होईल, मला खरंच माहीत नाही.

हे पत्र कुठे धाडायचं? धारचं घर विकलं गेलं, काकूही आता नाहीत. माझी मुलगी मराठी बोलते, पण वाचते ती अडखळत, म्हणजे तिच्या हाती पडलं तरी ती शेवटापर्यंत पोचायची नाही. तेव्हा तेवढी एक गोष्ट इथे लिहायला हरकत नाही. काकांचं नाव मी पुकारलं आणि त्यांचा चौकोन काळाच राहिला, त्या चार-दोन क्षणांत मी मनापासून देवाला म्हटलं, यांचं नेटवर्क जाऊ दे. मला नाव गाळल्याचा दोष नको होता आणि प्रश्नही नको होता. आणि मग तो पंखा दिसला.