छत्री, वायर आणि राजूची परेड

३ जानेवारी, शनिवार. सकाळी ६.१५
कारखान्याची नवी डायरी आज उघडली. मागची तीन वर्षं डायरीचा संकल्प संक्रांतीच्या आत बारगळला. त्यात माझा दोष नाही, लिहावं असं काही घडतच नव्हतं. आता घडलंय. फौजेतल्या आमच्या थोरल्याचा, राजवर्धनचा, दिल्लीहून फोन आला. सव्वीस जानेवारीच्या परेडसाठी त्यांच्या पलटणीच्या पथकात त्याचं नाव लागलं! आमचा राजू! साऱ्या देशापुढे!
मी फोनवर अगदी शांत होतो. माझी बायको लीला म्हणते मी अंगणात नाचलो. गुडघे मोकळे करत होतो.
संकल्प: अख्ख्या आळीने परेड आपल्या घरी बघायची. अडचण एकच. घरातला टीव्ही नोव्हेंबरपासून बंद आहे.

४ जानेवारी, रविवार. दुपार
टीव्ही का बंद आहे ते नोंदवून ठेवतो, म्हणजे उद्या कोणी उलटं सांगायला नको. नोव्हेंबरात मॅचच्या शेवटच्या ओव्हरला केबल गेली. केबलवाला तौसीफ म्हणाला, आवं आबा, उसाच्या ट्रॉलीनं वायर तोडली, त्याला मी काय करू. मी तडक शिडी लावली आणि घराकडे येणारी उरलेली वायर चौकातल्या लोकांदेखत विळ्याने कापली. या घरात पुन्हा केबल येणार नाही, असं वरूनच जाहीर केलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तेव्हापासून लीला मालिका बघायला शेजारी बिरदेवच्या घरी जाते आणि मला जेवायला उशीर होतो. तत्त्वासाठी हे सोसतो.
आता पर्याय दोन.
केबल. फायदा: तौसीफ हाकेच्या अंतरावर. तोटा: तौसीफ हाकेच्या अंतरावर. शिवाय हंगाम ऐन भरात, तासाला चार ट्रॉल्या.
छत्री, म्हणजे डिश. थेट आकाशातून घरात. मध्ये ट्रॉली नाही, तौसीफ नाही.
सिग्नल कोअरमध्ये सतरा वर्षं काढलेल्या माणसाला हा निर्णय घ्यायला वेळ लागत नाही. (त्यातली चौदा वर्षं बॅटरी स्टोअरला होतो. पण बॅटरीशिवाय सिग्नल काय कपाळ चालणार?)
दीपमाला, आमची धाकटी, म्हणाली, आबा, मोबाईलवर फुकट दिसतंय की. तिला सांगितलं, भारतीय सैन्य विताएवढ्या काचेवर बघायचं नसतं.

७ जानेवारी, बुधवार
छत्रीच्या कंपनीला फोन लावला. एक दाबा, दोन दाबा, पाच मिनिटं गाणं. मी प्रत्येक बटण फौजी शिस्तीत दाबलं. शेवटी एक बाई आली, तिने अभिनंदन केलं आणि मी सगळी तमिळ चॅनेल घेतल्याचं सांगितलं. बदलायला पुन्हा एक दाबा, दोन दाबा. राहू दे म्हटलं. परेडला भाषा लागत नाही.

९ जानेवारी, शुक्रवार
छत्री बसली! कंपनीच्या माणसाने मीटर लावलं, मी माझा फौजी कंपास काढला. दोघांत वीस अंशांचा फरक आला. त्याला समजावून सांगितलं, कंपास खोटं बोलत नसतो. तो मान डोलवून म्हणाला, काका, जरा चहा मिळेल का. मी चहा सांगून वर येईपर्यंत छत्री बसवून झाली होती आणि खाली चित्र आलं होतं. अखेर माझ्याच कंपासने काम केलं.
चित्र असं की बातम्या सांगणाऱ्या बाईच्या कानातला खडा मोजून घ्यावा. लीला म्हणाली, लय झ्याक. मग बिरदेवच्या घरी मालिका बघायला गेली. म्हणे, तिथं बोलायला माणूस असतं, हितं तुमी असता.

१२ जानेवारी, सोमवार
चावडीवर जाहीर निमंत्रण दिलं. सव्वीसला सकाळी शाळेतलं झेंडावंदन उरकलं की सर्वांनी माझ्या घरी, पोहे आणि जिलेबी. बिरदेवने विचारलं, छत्री ऐन वक्ताला गेली तर? मी हसलो. सगळ्यांपेक्षा जास्त हसलो.
घरी येताना मात्र विचार आला. फौजेत एका लाईनीवर कोणी विसंबत नाही, दुसरी तयार ठेवतात. म्हणजे छत्रीसोबत केबलही हवी. यात माघार नाही, याला तयारी म्हणतात. फक्त तौसीफशी बोलावं लागेल.

१४ जानेवारी, बुधवार. संक्रांत
दिवस मुद्दाम निवडला. आज तिळगूळ हातावर ठेवला की समोरच्याला तोंड फिरवता येत नाही, मग तो तौसीफ का असेना. त्याच्या दुकानात गेलो, वडी दिली. तो म्हणाला, आबा, माफी मागायला आलाय व्हय? मी म्हणालो, तिळगूळ द्यायला आलोय. त्याने वडी खाल्ली, दुसरी मागितली आणि म्हणाला, शनवारी वायर जोडतो, राजू माझ्या बी पोरासारखा हाय.
नोंद: माफी मागितलेली नाही. तौसीफने ती तिळगुळात परस्पर खाल्ली.

१७ जानेवारी, शनिवार
केबल जोडली. ट्रॉलीला लागू नये म्हणून तौसीफने वायर बांबूवर उंच घेतली. आता घरात दोन लाईनी, दोन डबे, तीन रिमोट. छत्रीला ‘अल्फा’ आणि केबलला ‘ब्राव्हो’ असं नाव दिलं. लीलाला सांगितलं, ब्राव्हो लाव बघू. तिने पंखा लावला.
कुंडलमध्ये एवढी भक्कम व्यवस्था दुसऱ्या कुणाच्या घरी नसेल. आता काय चुकणार?

१९ जानेवारी, सोमवार
फ्लेक्स!
कसा विसरलो? बिरदेवचा पुतण्या सोसायटीत बिनविरोध आला तर चौकात बारा फुटी फ्लेक्स लागला. आमचा पोरगा दिल्लीत चालणार आणि आमच्या घरावर साधा कागद नाही? पलूसला जाऊन ऑर्डर दिली. सोळा बाय दहा. मजकूर: ‘कुंडलचा वाघ दिल्लीत! हार्दिक अभिनंदन!’ राजूचा चांगला फोटो घरात मिळेना, म्हणून मध्ये माझा वर्दीतला दिला. राजू खाली कोपऱ्यात, गोलात, शाळेच्या ओळखपत्रावरचा.
दीपमाला म्हणाली, आबा, परेड राजूदादाची हाय का तुमची? या पिढीला मांडणीतलं काही कळत नाही.

२३ जानेवारी, शुक्रवार
फ्लेक्स आला. काय तो रुबाब! वाऱ्याने फाटू नये म्हणून लोखंडी चौकट करून मागे अखंड पत्रा मारून घेतला. दुकानदार म्हणाला, असा फ्लेक्स आजवर कुणी करून घेतला न्हाई. ही पावतीच समजायची.
राजूचा फोन आला होता. आवाज जरा बसलेला वाटला. तालमीने थकला असेल. मी त्याला फ्लेक्सचं सांगितलं, तीस-चाळीस माणसं येणार ते सांगितलं, दोन लाईनींचं सांगितलं. तो म्हणाला, आबा, एवढं कशाला करताय. मी म्हणालो, तू फक्त छाती काढून चाल, बाकी मी बघतो. मग त्याला काहीतरी बोलायचं होतं, पण रेंज गेली. तिकडची.

२५ जानेवारी, रविवार. दुपारी ४
फ्लेक्स छतावर चढवला. बिरदेवच्या ट्रॅक्टरवर उभा करून आठ जणांनी वर ओढला. मेन रोडवरून माझा चेहरा स्पष्ट दिसतो, जाऊन बघून आलो. दोनदा.
चढवताना चौकटीचा कोपरा कशाला तरी अडकला, पण जोर लावल्यावर सुटला.

संध्याकाळी ५.३०
ब्राव्हो बंद. वायर तुटून अंगणात लोंबतेय. नक्की उसाची ट्रॉली. तौसीफ म्हणाला, आबा, आज कारखाना साफसफाईला बंद हाय, सकाळपास्नं एक बी ट्रॉली आली न्हाई. तो एका लग्नाच्या शूटिंगला आटपाडीला निघाला होता. सकाळी येऊन जोडतो म्हणाला.
काळजी नाही. अल्फा आहे.

संध्याकाळी ५.४०
अल्फावर ‘सिग्नल नाही’.
घाबरायचं कारण नाही. उद्या राष्ट्रीय दिन. सुरक्षेसाठी वरून सिग्नल बंद ठेवले असणार, सकाळी सोडतील. अशा गोष्टी बाहेर सांगत नाहीत, पण फौजेतल्या माणसाला कळतात. बिरदेवच्या घरी मात्र मालिका चालू असल्याचा आवाज येतोय.

२६ जानेवारी, सोमवार. सकाळी ६
सिग्नल सोडलेला नाही. छत्री हलवून पाहिली. कंपास लावला. छत्रीला नमस्कार केला.

९.१०
झेंडावंदन आटोपलं. सरपंच आले, शाळेचे गुरुजी आले, भजनी मंडळ आलं. एकूण बेचाळीस माणसं. पोहे पुरणार नाहीत. टीव्हीवर टॉवेल टाकून ठेवलाय आणि सांगितलंय की परेड सुरू होताना उद्घाटन करू.

९.५५
बिरदेव टॉवेलाकडे टक लावून बघतोय. म्हणाला, चला सगळी माझ्या घरी, केबल झक्कास चालू हाय. माझ्या राजूची परेड बिरदेवच्या घरी? मी सरपंचांना आणखी जिलेबी वाढली.

१०.२०, छतावरून
तौसीफ आला. वर बघितलं, छत्रीकडे बघितलं, फ्लेक्सकडे बघितलं आणि खालीच बसला हसत. म्हणाला, आवं आबा, छत्रीच्या तोंडाम्होरं पत्रा उभा केलाय तुमी. आभाळातनं आलेला सिग्नल तुमच्या टोपीवर आदळून माघारी चाललाय. आणि माझी वायर त्या चौकटीच्या कोपऱ्यात अजून अडकून बसलीय बघा.
मी सांगितलं, मला शंका होतीच. फक्त खात्री करत होतो.

१०.३५, छतावरूनच
वायर जोडायला वेळ नाही. फ्लेक्स आडवा करायचं ठरलं. एका बाजूच्या दोऱ्या सोडल्या आणि वारा सुटला. तौसीफ दुसऱ्या टोकाला, मी या टोकाला. सोडला तर खाली अंगणात पोरंटोरं आहेत. खालून ओरडा आला, चित्र आलं! आलं! माझ्या घरात परेड सुरू झाली आणि मी माझ्याच नाकाला धरून छतावर उभा. लिहिता येत नाही, एक हात सुटला की

१२.१५, घरात
तर घटनाक्रम असा. खालून दीपमाला एकेक पथक ओरडून सांगत होती. राजूचं पथक आलं म्हणाली. मी म्हणालो, तौसीफ, मी सोडू का? तो म्हणाला, आबा, सोडला तर मी उडून बिरदेवच्या गोठ्यात पडीन. मग खालून एकदम गलका झाला, दिसला! दिसला! टाळ्या, शिट्ट्या. मी तिथेच, पत्रा धरून, टाचा जुळवल्या. डोळ्यांतून पाणी आलं. वारा फार होता.
खाली आलो तेव्हा पडद्यावर चित्ररथ चालले होते. सरपंचांनी मिठी मारली. सगळ्यांनी राजूला बघितलं होतं. तिसरी रांग, डावीकडून चौथा. गुरुजी म्हणाले, काय ती छाती! बिरदेव म्हणाला, माझ्याकडं बघून हसला गड्या.
मला विचारलं, तुमी बघितला का? मी म्हणालो, बघितला की, जिन्याच्या झरोक्यातून. तिसरी रांग, डावीकडून चौथा.
फक्त लीलाला पटेना. सगळ्यांदेखत म्हणाली, मी येक न येक तोंड बघितलं. त्यात माझा राजू न्हाई. त्याचा डावा खांदा जरा खाली असतोय, ल्हानपणी बैलगाडीतनं पडल्यापास्नं. लोक हसले. मीही हसलो. बिचारीची नजर गेली.
संकल्प: लीलाला सांगलीला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेणे. दीपमालाने लगेच फोन करून बुधवारी अकराची वेळ घेतली.
एकूण मोहीम शंभर टक्के यशस्वी.

२७ जानेवारी, मंगळवार. सकाळी ९
चौकात सगळे राजूबद्दल बोलतायत. चौथा आता दुसऱ्या रांगेत आलाय आणि कॅमेरा त्याच्यावर बराच वेळ थांबला होता. मी दुरुस्त केलं नाही.

दुपारी १
राजूचा फोन. मी त्याला बोलूच दिलं नाही. म्हणालो, दिसलास! लय रुबाबात! तिसरी रांग, डावीकडून चौथा! छाती बघून सरपंच रडले!
तिकडून तो आबा, आबा करत होता. मी दम घ्यायला थांबलो.
मग म्हणाला, आबा, मी राखीवमध्ये होतो. बावीस तारखेला यादी लागली. कुणाला चक्कर आली तर आत जायचं म्हणून वर्दी घालून मागं उभा होतो. कुणालाच आली न्हाई. तवाच सांगणार होतो, पण तुमी फ्लेक्सचं सांगाय लागला.
पोरगं पाच दिवस हे एकटं पोटात घेऊन बसलं, माझ्या सोळा बाय दहाला भिऊन. वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. शेवटी म्हणालो, राजू, मी चौदा वर्षं बॅटऱ्या मोजल्या. मला तर राखीवमध्येही कुणी घेतलं नव्हतं. तो म्हणाला, ठाऊक हाय आबा, आईनं कवाच सांगितलंय. आणि हसला. मग मीही हसलो.
लीलाने फोन घेतला. म्हणाली, मी सांगत हुते, त्यात माझं पोरगं न्हाई. जेवलास का?

दुपारी ४
तौसीफने वायर जोडली. फ्लेक्स आमच्या गोठ्यावर टाकला, पत्रा चांगला आहे. चेहरा खालच्या बाजूला ठेवलाय, म्हशीला दिसतो.
दोन्ही लाईनी स्वच्छ चालू आहेत. लीला बिरदेवच्या घरी गेलीय.
दीपमालाला म्हणालो, डॉक्टरांची उद्याची वेळ रद्द कर, तुझ्या आईची नजर उत्तम आहे. ती म्हणाली, रद्द न्हाई केली आबा, नाव बदललंय. आईनंच सांगितलं. अकरा वाजता. तुमचं.